घरच्या बागेतला गुलाब: जागा निवडण्यापासून कलम करण्यापर्यंत

गुलाबाचं रोप घरी येतं तेव्हा त्यावर दोन-चार टपोऱ्या कळ्या असतात. त्या उमलतात, घर खूश होतं. मग महिना-दोन महिन्यांत पानं पिवळी पडू लागतात, शेंड्याकडून एकेक फांदी काळी होत खाली येते आणि शेवटी कुंडीत काटक्या उरतात. अशी रोपं मीही गमावली आहेत. प्रत्येक वेळी वाटायचं, खत कमी पडलं असेल. मग आणखी खत, आणखी पाणी, आणि रोप आणखी लवकर जायचं. एकदा मेलेलं रोप उपटून मुळं पाहिली, तेव्हा उलगडा झाला. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती, हाताला लागताच साल सुटत होती. रोप उपाशी नव्हतं, ते बुडालं होतं.

घरचे गुलाब बहुतेक तीन कारणांनी जातात: मुळाशी साचलेलं पाणी, अपुरं ऊन आणि कात्रीची भीती. खत, औषधं या सगळ्यानंतरच्या गोष्टी.

जागा

दिवसाला किमान पाच ते सहा तास थेट ऊन हवं. त्याहून कमी उन्हात रोप जगतं, पण फांद्या लांब आणि किडकिडीत होतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि फूल क्वचित येतं. सकाळचं ऊन मिळत असेल तर उत्तम, कारण रात्रीचं दव पानांवरून लवकर वाळतं आणि ओल्या पानांवर वाढणाऱ्या बुरशीला संधी मिळत नाही. फार कडक उन्हाळा असेल तिथे दुपारी दोन-तीन तासांची विरळ सावली चालते. पाकळ्यांच्या कडा करपत नाहीत आणि रंगही टिकतो.

रोप आणण्याआधी एक दिवस मोकळा ठेवा आणि जिथे लावायचं आहे तिथलं ऊन दर तासाला बघा. आपल्या बाल्कनीत ऊन किती येतं याचा आपला अंदाज बहुतेक वेळा दोन तासांनी चुकतो.

मोठ्या झाडाच्या आसपास गुलाब लावू नका. सावलीपेक्षा मोठी अडचण मुळांची असते, तुम्ही घातलेलं खत-पाणी आधी ते झाड पितं. वारा खेळता हवा, म्हणून कोपऱ्यातल्या भिंतीला टेकवून कुंडी ठेवण्यापेक्षा हातभर पुढे ठेवा.

कोणता गुलाब घ्यावा

लांब दांड्यावर एकच मोठं, टोकदार कळीचं फूल येतं तो हायब्रीड टी. १८६७ साली फ्रान्समध्ये गियो यांनी तयार केलेला 'ला फ्रान्स' हा या वर्गातला पहिला मानतात आणि तिथूनच गुलाबांची जुने आणि आधुनिक अशी वाटणी करतात. फूल देखणं, पण रोप काळजी मागतं. फ्लोरिबंडाला मध्यम आकाराची फुलं झुपक्याने येतात. एकेक फूल कमी दिमाखदार असलं, तरी झाड जास्त दिवस भरलेलं दिसतं आणि चुका सोसतं. जर्मनीच्या कोर्डेस यांचा १९५८ चा पांढरा 'आइसबर्ग' याच वर्गातला, आणि पहिला गुलाब म्हणून तो निवडण्यात काहीच चूक नाही. मिनिएचर लहान कुंडीत मावतो आणि कलमाने सहज वाढतो. वेलगुलाबाला आधार आणि जागा दोन्ही लागतात.

पहिल्यांदाच लावत असाल तर फ्लोरिबंडा किंवा मिनिएचर घ्या, असं माझं ठाम मत आहे. हायब्रीड टी दुसऱ्या वर्षी आणा, तोवर हाताला सवय झालेली असते.

रोप निवडताना

फुलांकडे पाहून रोप घेऊ नका. बुंध्याकडे पाहा. विकत मिळणारे बहुतेक गुलाब डोळा भरलेले असतात, म्हणजे खाली रानटी, चिवट गुलाबाचा खुंट आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा (फांदीवरची कोंब फुटण्याची जागा) बसवलेला. जिथे डोळा भरला आहे तिथे गाठ दिसते. ती गाठ घट्ट, निरोगी हवी, चिरलेली किंवा काळी नको. गाठीच्या वरून पेन्सिलीएवढ्या जाड दोन-तीन फांद्या निघालेल्या असतील तर रोप चांगलं. एकाच बारीक फांदीवर मोठं फूल लटकलेलं रोप सोडून द्या. पानं उलटी करून पाहा: बारीक जाळी, पांढरे कापसासारखे पुंजके किंवा काळे डाग दिसले तर ते घरी आणू नका.

नवं रोप आल्यावर लगेच कुंडी बदलायची घाई नको. आठवडाभर ते इतर गुलाबांपासून दूर, सौम्य उन्हात ठेवा. तेवढ्यात ते जागेला सरावतं, आणि सोबत एखादी कीड आली असेल तर तीही कळते.

माती आणि कुंडी

मातीची परीक्षा सोपी आहे. जमिनीत लावायचं असेल तर दीड फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा आणि जिरू द्या. मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत जिरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर तिथे खड्ड्यात गुलाब लावू नका, एक फूट उंच वाफा करून त्यावर लावा. चिकट मातीत खड्डा खणून आत भुसभुशीत माती भरली की त्याची विहीर होते, आजूबाजूचं पाणी तिथेच गोळा होतं.

कुंडी हायब्रीड टी आणि फ्लोरिबंडासाठी किमान बारा इंचांची, मिनिएचरसाठी आठ इंचांची घ्या. तळाला एकच छोटं भोक असेल तर आणखी तीन-चार पाडा. भोकावर खापरीचा तुकडा पुरे. तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं आणि मुळांची जागा मात्र कमी होते.

कुंडीतल्या मिश्रणासाठी दोन भाग बागेतली माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खडे) हे प्रमाण मी वापरतो. माती चिकट असेल तर वाळू वाढवा. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, म्हणजे काळसर, भुसभुशीत आणि वास नसलेलं. कच्चं शेणखत कुजताना तापतं आणि मुळं भाजतात, शिवाय हुमणीची अंडी-अळ्या त्याच्याबरोबर कुंडीत येतात.

गुलाबाला किंचित आम्लधर्मी माती मानवते, सामू (pH) ६ ते ६.८ च्या दरम्यान. माती चुनखडीची असेल तर जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. अशा ठिकाणी बोनमीलही (हाडांचा चुरा) जवळजवळ वाया जातं, कारण त्यातला स्फुरद (फॉस्फरस) आम्लधर्मी मातीतच विरघळतो.

लावणी

१. लावण्याआधी रोपाच्या मातीचा गोळा बघा. पुष्कळदा तो चिकट मातीचा, वाळून दगडासारखा घट्ट झालेला असतो. तसाच लावला तर पाणी त्याच्या बाजूने निघून जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात. पिशवीसकट तो अर्धा तास पाण्यात ठेवा, मऊ झाला की बाहेरची माती बोटांनी अलगद सैल करा. गोळा पूर्ण फोडू नका.

२. खड्डा दीड फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल घ्या. निघालेल्या मातीत एक तृतीयांश कुजलेलं खत मिसळा.

३. डोळा भरलेली गाठ कुठे ठेवायची हे हवामानावर ठरतं. उष्ण आणि दमट प्रदेशात ती मातीच्या दोन इंच वर असू द्या. बर्फ पडतो अशा प्रदेशात दोन इंच मातीखाली जाऊ द्या, म्हणजे थंडीने ती मरत नाही.

४. माती भरून हाताने दाबा, पायाने नको. भोवती ताटाएवढं आळं करा आणि भरपूर पाणी द्या. माती बसली की वरून आणखी घाला.

५. असलेली फुलं आणि कळ्या कापून टाका. याला मन धजत नाही हे मला ठाऊक आहे. पण फूल पोसण्यात खर्च होणारी ताकद पहिल्या महिन्यात मुळांना हवी असते.

दोन हायब्रीड टी रोपांत अडीच फूट, मिनिएचरमध्ये एक फूट अंतर राहू द्या. पहिले आठ-दहा दिवस दुपारच्या उन्हापासून आडोसा करा.

पाणी

यावर सगळं अवलंबून आहे. 'रोज एक तांब्या' असा नियम करू नका. बोट मातीत दोन पेरं घाला. ओलं लागलं तर पाणी नको. कोरडं लागलं तर कुंडीच्या तळातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला, आणि ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. रोज थोडं थोडं पाणी दिलं की वरची इंचभर माती कायम ओली राहते, मुळं वरच घुटमळतात आणि एका कडक दुपारी रोप माना टाकतं.

फसवणूक होते ती इथे: पाणी कमी झालं तरी पानं मलूल होतात, जास्त झालं तरीही. मुळं कुजल्यावर पाणी वर पोचतच नाही, म्हणून रोप तहानलेलं दिसतं. मलूल रोप दिसलं की हात तांब्याकडे जातो, तो आधी मातीकडे जाऊ द्या. माती ओली असून पानं उतरली असतील तर पाणी थांबवा, कुंडी सावलीत घ्या, भोकं बुजली आहेत का पाहा. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर रोप काढून काळी मुळं कापा आणि वाळू जास्त असलेल्या ताज्या मिश्रणात लावा.

पाणी सकाळी, बुंध्याशी द्यायचं. संध्याकाळी पानांवर शिंपडलेलं पाणी रात्रभर राहतं. गुलाबाच्या काळ्या डागांची बुरशी रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं, आणि ते आपणच जुळवून देतो.

जमिनीवर वाळलेली पानं, गवत किंवा नारळाच्या काथ्याचं दोन इंच आच्छादन घाला. बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर साल ओली राहून कुजते.

खत

गुलाब खादाड आहे, पण त्याला थोडं थोडं आणि नियमित लागतं. कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत द्या, वरची माती खुरप्याने इंचभर हलवून त्यात मिसळा. फुलांच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ चं (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच असलेलं) विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात. कोरड्या मातीत रासायनिक खत कधीही घालू नका, आधी पाणी द्या. नवं लावलेलं, नुकतंच आजारातून उठलेलं किंवा उन्हाने सुकलेलं रोप असेल तर महिनाभर खत बंद.

कुंडीच्या कडेला, मातीवर पांढरी पुटं दिसू लागली तर ते साठलेले क्षार आहेत. दोनदा-तीनदा भरपूर साधं पाणी घालून ते तळातून वाहून जाऊ द्या.

अंड्याची टरफलं, केळ्याची सालं, चहाचा चोथा यांवर मला फार भरवसा नाही. ते कंपोस्टमध्ये जाऊ द्या, तिथे त्यांचं खत होतं. कुंडीत कच्चं टाकलं की माश्या आणि बुरशी येते, गुलाबाला लगेच काही मिळत नाही.

पानं काय सांगतात तेही शिकून घ्या. जुनी पानं सरसकट फिकट होत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी. जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियम कमी, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून द्या. कोवळ्या पानांत तसं दिसलं तर लोहाची कमतरता, आणि तिथे एप्सम सॉल्टचा उपयोग नाही.

रानफुटवा

'लाल गुलाब आणला होता, आता बारीक पांढरी फुलं येतात' ही तक्रार पुष्कळदा कानावर येते. गुलाबाने रंग बदललेला नसतो. गाठीच्या खालून खुंटाला फुटवा आलेला असतो आणि त्याने वरची जात मारलेली असते. खुंटासाठी वापरला जाणारा रोझा मल्टिफ्लोरा झुपक्याने बारीक पांढरी फुलं देतो.

सात पर्णिकांचं (एका देठावर सात छोटी पानं असलेलं) पान म्हणजे रानटी, ही खूण पक्की नाही. कित्येक चांगल्या जातींनाही सात पर्णिका येतात. फुटव्याचा माग काढत माती बाजूला करा, तो गाठीच्या खालून निघाला असेल तरच काढा. कात्रीने कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून चार नवे येतात, म्हणून बुडाशी धरून खाली ओढून उपटा.

कात्री

वर्षभर पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण आधुनिक गुलाबांना चिनी गुलाबांकडून मिळाला आहे. पण फुलाचं फळ धरू लागलं की झाड बियांच्या कामाला लागतं आणि नवी कळी लांबते. म्हणून सुकलेलं फूल लगेच काढायचं. नुसती मान मोडू नका. फुलापासून खाली येत पहिलं पाच पर्णिकांचं, बाहेरच्या बाजूला तोंड असलेलं पान शोधा आणि त्याच्या वर पाव इंचावर कापा. त्या पानाच्या बगलेतल्या डोळ्यातून जोमदार फांदी येते आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत तिच्यावर फूल दिसतं. नव्या, अशक्त रोपाची मात्र पानं वाचवा, फुलाखाली लगेच कापा.

मोठी छाटणी वर्षातून एकदा. उष्ण प्रदेशात पाऊस संपून हवा थंड होऊ लागते तेव्हा, कडक थंडीच्या प्रदेशात हिवाळ्याच्या शेवटी, डोळे फुगू लागताच. वर्षातून एकदाच बहरणारे जुने गुलाब आणि वेल मात्र बहर संपल्यावर छाटायचे, आधी छाटले तर त्या वर्षीची फुलंच जातात.

कात्री धारदार हवी आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायची. आधी मेलेल्या, काळ्या, रोगट फांद्या काढा. काप घेतल्यावर फांदीचा गाभा बघा: पांढरा किंवा हिरवट-पांढरा असेल तर ठीक, तपकिरी असेल तर आणखी खाली कापा. पांढरा गाभा लागेपर्यंत उतरत जायचं, मग ते गाठीपर्यंत का येईना. तपकिरी ठेवलेला अर्धा इंचही पुढे पूर्ण फांदी घेऊन जातो. त्यानंतर एकमेकींना घासणाऱ्या आणि झाडाच्या मध्याकडे वाढणाऱ्या फांद्या काढा. मध्य वाटीसारखा मोकळा झाला की ऊन-वारा आत जातो. उरलेल्या चार-पाच चांगल्या फांद्या हायब्रीड टीमध्ये निम्म्याने, फ्लोरिबंडात एक तृतीयांशाने कमी करा. काप तिरका, बाहेरच्या डोळ्याच्या वर पाव इंच, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. अंगठ्याएवढ्या जाड कापांना दमट हवेत बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा.

पहिल्यांदा छाटणी केल्यावर झाड उघडंबोडकं दिसतं आणि पश्चात्ताप होतो. दोन-तीन आठवडे थांबा. तांबूस कोंब फुटू लागले की बोटांना कात्रीचा विश्वास येतो.

वेलाची गोष्ट वेगळी. उभी फांदी फक्त शेंड्याला फुलते. तीच आडवी वाकवून बांधली तर प्रत्येक डोळ्यातून आखूड फांदी वर येते आणि अख्खी लांबी फुलते. मुख्य फांद्या कापू नका, आडव्या करा.

रोग आणि कीड

काळे डाग: पानावर कातरलेल्या कडांचे गोल काळे ठिपके, भोवती पिवळेपणा, मग पानगळ. खालची पानं आधी जातात. गळलेली पानं वेचून बागेबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. पावसाळी दिवसांत मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. हे संरक्षक औषध आहे, पडलेले डाग त्याने पुसले जात नाहीत, नवी पानं वाचतात.

भुरी: कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या मानेवर पांढरी पूड, पानं आक्रसतात. हिला पान ओलं असण्याची गरज नसते, कोरडे उबदार दिवस आणि थंड दमट रात्री हा तिचा काळ. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम चांगलं काम करतं, पण तापमान तीस अंशांच्या वर असताना फवारलं तर पानं करपतात. कडुनिंबाच्या तेलाच्या फवारणीपासून दोन आठवड्यांचं अंतरही ठेवा.

मावा कोवळ्या शेंड्यांवर गर्दी करतो. पाण्याच्या जोरदार धारेने तो निम्म्याहून अधिक जातो, उरलेला बोटांनी पुसा. फुलकिडे कळीच्या आत असतात, पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात आणि कळी नीट उमलत नाही. अशा कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका. लाल कोळी कडक, कोरड्या हवेत येतो: पानं वरून धुरकट, खालून बारीक जाळी. पानांच्या खालच्या बाजूला तीन-चार दिवस सकाळी पाण्याची धार मारा. पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा.

घरगुती फवारणीसाठी लिटरभर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब सौम्य द्रवसाबण, चांगलं घुसळून, ऊन उतरल्यावर. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा. फुलं उमललेली असताना मधमाश्या फिरत असतील तर फवारू नका. कोणतंही औषध वापरा, वेष्टनावरच्या प्रमाणाहून जास्त घेऊ नका आणि हातमोजे, मास्क सोडू नका.

फांदीपासून नवं रोप

छाटणीच्या वेळी पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या हाती येतात, त्या टाकून देऊ नका. नुकतंच फुलून गेलेली, निरोगी फांदी घ्या. सहा ते आठ इंचांचा, तीन-चार डोळ्यांचा तुकडा करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या थोडा वर. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. खालचं टोक मूळसंजीवकाच्या (मुळं फुटायला मदत करणाऱ्या) पुडीत बुडवून निम्मा तुकडा ओलसर वाळू-कोकोपीटच्या मिश्रणात खोचा. वरून पारदर्शक पिशवीचं टोप घाला आणि कुंडी उजेडाच्या सावलीत ठेवा. मिनिएचर, फ्लोरिबंडा आणि जुने गुलाब असे सहज लागतात. हायब्रीड टी लागला तरी स्वतःच्या मुळांवर पुष्कळदा अशक्त राहतो, म्हणून त्याला डोळा भरणंच बरं.

चार ते आठ आठवडे लागतात. पहिल्या पंधरा दिवसांत फुटलेली पालवी फांदीतल्या साठवणीवरची असते, तिच्यावरून मुळं फुटली असं समजू नका आणि उपटून तर मुळीच पाहू नका. दुसऱ्यांदा नवी पानं आली, तुकडा हलकेच ओढल्यावर अडला, की चार-पाच दिवसांत टोप हळूहळू सैल करत काढा. मग चार इंची कुंडीत हलवा, आणि या रोपाला आलेल्या पहिल्या दोन-तीन कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडून टाका.